हन्नाच्या कुळातलं नाव

मी तीस वर्षं भांड्यांवर नावं टाकली. नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर माझी जागा होती. खाली गोणपाट, मांडीवर भांडं, हातात पेनासारखं ते विजेचं मशीन. मशीन सुरू केलं की हात शिवशिवायचा आणि ठिपक्याठिपक्यानं अक्षर उमटत जायचं. काम मूळचं आमच्या ह्यांचं. ह्यांची नजर गेली तेव्हा मी बसले. शाळा सातवीपर्यंत, पण अक्षर वळणदार होतं. बाकी जे शिकले ते त्या ओट्यावर शिकले, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांनीच शिकवलं.

आता इंदिरानगरला लेकाकडे असते. हे लिहितेय ते गॅलरीत बसून, दुपारची. एक आधीच सांगून टाकते, यात माणसांची नावं येणार नाहीत. स्टीलवर टाकताना ज्याचं नाव तोच समोर उभा असायचा. इथे कागदावर टाकायचं तर विचारायला जावं लागेल, आणि काहीजण आता विचारायला राहिलेले नाहीत. नावांच्या अर्थांबद्दल मात्र मी भरपूर बोलणार आहे. त्या अर्थांपायी एकदा एक लग्न मोडता मोडता राहिलं, तेच सांगायला बसलेय.

मला एक खोड होती. नाव लिहून झालं की मी अर्थ विचारायची. "शुभांगी म्हणजे काय हो?" असं. मशीनचा आवाज थांबला की माणसं बोलतात. कुणाला माहीत असायचा, कुणी म्हणायचं आत्यानं ठेवलं, अर्थ तिलाच ठाऊक. जिला माहीत असायचा ती बाई सांगताना जरा ताठ उभी राहायची. ते बघायला मला आवडायचं.

अशात एक दिवस बाई आल्या. नाशिक रोडच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, मराठी शिकवणाऱ्या, ख्रिस्ती. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. ओट्यावर चढायच्या आधी त्यांनी दुकानाच्या पाटीवरच्या दोन चुका काढल्या आणि मग आपल्या आईचं नाव एका किटलीवर टाकायला सांगितलं. नाव ऐकून मी म्हटलं, "इंग्रजी नाव दिसतंय."

"इंग्रजी?" बाई म्हणाल्या. "इंग्रज अंगाला निळं फासून रानात हिंडत होते ना, तेव्हापासूनचं आहे हे नाव."

"मग कुठलं?"

"सरका जरा," म्हणत त्या गोणपाटावरच टेकल्या. "आमच्याकडे आलं ते साहेबांच्या मिशनमधून. साहेबाकडे आलं लॅटिनमधून. पण लॅटिनचंही नाही ते. लॅटिननं घेतलं ग्रीकांकडून, आणि ग्रीकांनी घेतलं त्यांच्या पूर्वेकडच्या वाळवंटी मुलखातून, जिथे हिब्रू आणि अरामी बोलायचे. सेमिटिक म्हणतात त्या भाषांच्या घराण्याला. अरबी त्यांचीच बहीण."

"आणि अर्थ?"

"घरची मालकीण," बाई म्हणाल्या. आणि त्याही ताठ बसल्या.

बाईंचे यजमान धर्मशास्त्र शिकलेले होते. ते वारले तेव्हा बाईंकडे त्यांचा नावांचा एक जाडजूड कोश राहिला, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केलेला. दुकानाला सुट्टी असली की मी बस धरून नाशिक रोडला जायची. बाई चहा ठेवायच्या, कोश उघडायच्या आणि मला विचारायच्या, "आज कुणाच्या घरी जायचं?" म्हणजे कुठल्या नावाच्या घरी.

काय काय ऐकलं मी त्या टेबलावर. थॉमस म्हणजे अरामीत नुसता 'जुळा'. हे ऐकून मी इतकी हसले, की बाईंनी माझ्यापुढचा चहा उचलून बाजूला ठेवला. एवढा रुबाबदार साहेबी माणूस, आणि नाव काय, तर जुळ्यातला एक. सुसाना म्हणजे लिलीचं फूल. ताबिथा म्हणजे हरिणी. बार्थोलोम्यूमधला 'बार' म्हणजे मुलगा, म्हणजे अमक्याचा मुलगा, आपण बापाचं नाव मधे लावतो तसंच. आणि याकोब लॅटिनमध्ये गेला तो याकोबुस होऊन. "हे 'उस' कशाला?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे गणपतचा गणपतराव होतो, तो कशाला?" मला पटलं. परक्या गावचा माणूस आपल्या पंक्तीला बसवायचा तर त्याला आपलं उपरणं द्यावं लागतं.

पण माझं सगळ्यात आवडतं घर हन्नाचं. हन्ना म्हणजे कृपा, माया. लॅटिनमध्ये ती आन्ना झाली, तिथून पुढे ॲन, ॲना, आणखी कितीतरी. योहानेस हे नाव त्याच मुळाचं, देव कृपाळू आहे असं सांगणारं, त्याचं पुढे जॉन झालं. आणि बाईंनी सांगितलं, समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या काठावर कार्थेज नावाचं शहर होतं, रोमशी पिढ्यानपिढ्या लढलेलं. तिथले लोकही सेमिटिक भाषाच बोलायचे, आणि त्यांच्यात हॅनिबल असं नाव असे. त्यातला 'हन' तोच. बाल या त्यांच्या देवाची कृपा. म्हणजे रोमनं ज्यांच्याशी वैर केलं त्यांच्या नावात जे मूळ, तेच पुढे रोमच्या लेकीबाळींच्या नावात. मी घरी जाताना बसमध्ये हेच घोकत होते.

आणखी एक सांगितलं होतं बाईंनी, ते नीट ऐका, कारण घोटाळा तिथेच झाला. कार्थेज पडलं, तिथे रोमचं राज्य आलं, लॅटिन आलं. मग तिथल्या लोकांनी जुन्या नावांचे अर्थ तेवढे लॅटिनमध्ये नेले. 'देवाचं देणं' अशा अर्थाचं जुनं नाव असेल, तर लेकराचं नाव आदेओदातुस ठेवायचं, त्याचा अर्थ तोच. आपल्याकडचा देवदत्तच म्हणा ना. नाव गेलं, अर्थ राहिला. मला हे फार सुंदर वाटलं होतं.

बाईंची एकुलती एक लेक. तिचंही नाव हन्नाच्याच कुळातलं, बाईंच्या आजीपासून घरात चालत आलेलं. मला मावशी म्हणायची. एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होती, तिथेच काम करणाऱ्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलाच्या घरी शहराला लागून मळा, फुलं आणि भाजीपाला. दोन्ही घरांनी ताणलं, मग सैल सोडलं, आणि लग्न ठरलं. करोनाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. बाईंनी लेकीसाठी आमच्याच दुकानातून भांडी घेतली, डबे, पातेली, कळशी धरून सतरा नग. मी तेव्हा जागेवर नव्हते, म्हणून भांडी माझ्या ओट्यावर ठेवली आणि फोनवर म्हणाल्या, "लेकीचं नाव टाकून ठेवा. घाई नाही."

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगते. लग्नाच्या भांड्यांवर मुलीचं सासरचं नाव टाकतात. आमच्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा मुलगा अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. भांडी नव्या घरात वापरायची, तर नाव नवंच हवं. तीस वर्षांत मी लग्नाच्या भांड्यांवर माहेरचं नाव क्वचितच टाकलं असेल. मुलीची आई 'लेकीचं नाव' म्हणाली की माझा पुढचा प्रश्न ठरलेला, "नवं काय ठेवणार?"

बाईंनी फोन लगेच ठेवला, तो प्रश्न विचारायचा राहिला, आणि त्याच आठवड्यात मुलाची आई दुकानात आली. अंगानं काटक, हाताला कोथिंबिरीचा वास, बोलायला मोकळी. तिला पूजेचं तांब्याचं ताम्हन हवं होतं. बोलता बोलता म्हणाली, "सून करते ना बाईंची लेक. पोरगी लय गुणाची हाय. पण ताई, नाव काय माझ्या जिभेवर बसत नाय."

आणि मी, शहाणी, म्हटलं, "अहो, तिच्या नावाचा अर्थ माहीत आहे का? कृपा."

"काय सांगता?"

मग मी तिला सगळं सांगितलं. हन्ना, आन्ना, कार्थेज, आदेओदातुस. तिला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे, पण ती ऐकत राहिली, आणि ऐकणारं माणूस मिळालं की मला थांबता येत नाही. शेवटी तिनं गुडघ्यावर थाप मारली. "मग झालं तर. कृपाच ठेवते. नाव तेच राहिलं ना, नुसतं आपल्या भाषेत आलं."

"मुलीला विचारलंय?" मी विचारलं होतं, एवढं मात्र खरं.

"विचारायचं काय त्यात? चांगलंच तर हाय."

मला वाटलं, खरंच चांगलं आहे. माझं शिकणं कुणाच्या उपयोगी पडलं म्हणून मी खूश. दोन दुपारी बसून सतराही भांड्यांवर 'सौ. कृपा' टाकलं, पुढे सासरचं आडनाव. इतकं देखणं अक्षर मी बऱ्याच दिवसांत काढलं नव्हतं.

बाई आणि लेक भांडी न्यायला आल्या. लेकीनं वरचा डबा उचलला, उजेडात धरला.

"मावशी, ही कृपा कोण?"

"तू," मी म्हटलं. हसत म्हटलं.

ती हसली नाही. दुसरा डबा बघितला, तिसरा बघितला. मग डबे जसे होते तसे एकात एक ठेवले. "मला कुणी विचारलं नाही," म्हणाली. "तो म्हणाला होता, आमच्या घरी नाव बदलणार नाहीत. मी ते पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं."

मी बाईंकडे वळले. "बाई, तुम्हीच नव्हतं का सांगितलं, त्या लोकांनी अर्थ तोच ठेवला आणि नाव आपल्या..."

"त्या लोकांनी आपापल्या लेकरांची नावं ठेवली," बाई म्हणाल्या. "डब्यांवर नावं टाकणाऱ्या बाईनं नाही ठेवली."

तीस वर्षांत मला कुणी तसं बोललं नव्हतं. आणि खोटंही नव्हतं ते.

लेक पायरीवर बसली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आज नाव, मग देवाला जाणं, मग माझी आई घरी आली तर कुठे बसवायची ते. मी संध्याकाळी त्याला सांगते, थांबू या आपण."

"थांबू या म्हणजे?"

"म्हणजे लग्न नको इतक्यात. कदाचित नकोच."

"मला उद्यापर्यंत वेळ दे," मी म्हटलं. "तुझ्या सासूनं मनानं काढलेलं नाही ते. अर्थ मी सांगितला. त्याला काही ठाऊकही नसेल. मी जाते तिच्याकडे."

बाई म्हणाल्या, "जाऊन आणखी काय शिकवणार आहात तिला?"

पण लेकीनं मानेनं हो म्हटलं. "उद्यापर्यंत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेले. मुलाची आई झाडाखाली मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मला बघून उठायला लागली, मी म्हटलं बसा, आणि मीही एक पेंढी पुढ्यात ओढली. चार जुड्या बांधून होईस्तोवर मला सुरुवात सुचेना. मग सरळ विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

"माहेरचं का सासरचं?"

"दोन्ही सांगा."

तिनं सांगितली. मी माझी दोन्ही सांगितली. तिच्या माहेरच्या नावात नदी होती, माझ्या माहेरच्या नावात एक पक्षी. सासरी दोघींनाही देवीची नावं मिळालेली.

"माहेरच्या नावानं आता कोण हाक मारतं?"

"भाऊ मारायचा. गेला तो." तिनं जुडीला गाठ मारली. "अन् तुम्हाला?"

"मला कुणीच नाही."

मग ती एकदम हसायला लागली. "लग्न होऊन आठ दिवस झालेले. सासूनं चुलीपाशनं तीनदा हाक मारली मला, नव्या नावानं. मी आपली दारात बसून तांदूळ निवडतेय. मला काय ठाव मलाच बोलावते? सासूनं मालकांना सांगितलं, बहिरी पोरगी गळ्यात बांधली आपल्या. मालक बिचारे मला डॉक्टरकडं न्यायला निघाले."

"मग?"

"मग काय. शिकले ऐकायला." हसणं ओसरलं, तरी जुडी हातातच होती. "पोरगी रागावली का?"

"लग्न थांबवायचं म्हणतेय."

"अगं बाई." तिनं जुडी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला तिचं नाव मोडायचं नव्हतं, ताई. मला ते बोलताच येत नाय. चार बाया जमल्या, मी सुनेला हाक मारली अन् जीभ अडखळली, तर बाया हसतील. सूनबी हसंल. इंग्रजी शिकलेली ती. म्हटलं, मला येतं असं नाव असू दे."

हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तिला आपलंच खरं करायचं आहे. तीस वर्षं लोकांना नावांचे अर्थ विचारले, नाव का बदलता हे मात्र कुणाला विचारलं नाही.

"मी शिकवते तुम्हाला," मी म्हटलं.

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तिच्याच आईनं. पाटीतल्या चुका काढल्या आधी, मग शिकवलं."

"माझ्याबी काढतील."

"काढतील की. सवय होते."

तिनं हात पुसले, घरात जाऊन साडी बदलली आणि माझ्याबरोबर भांडी बाजारात आली. वाटेत रिक्षात मी तिला ते नाव पाच-सहादा म्हणायला लावलं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

ओट्यावर बाई आणि लेक आधीच येऊन बसल्या होत्या. पलीकडच्या गल्लीतले पॉलिशवाले चाचा बाईंनीच बोलावलेले, नावं घासून काढता येतील का ते बघायला. चाचा डबा फिरवून म्हणाले, "निघेल, पण तिथे जरा पुसट राहील. स्टील विसरत नाही, आपा." माझ्याकडे बघून म्हणाले. त्यांना सगळं कळलेलं होतं. बाजारात काय लपतं?

मुलाची आई लेकीसमोर उभी राहिली. मी मधे काही बोलणार होते, बाईंनी मला हातानंच गप्प बसवलं.

"पोरी, तुला इचारायला पायजे होतं," ती म्हणाली. "नाय इचारलं. माझं चुकलं. तुझं नाव मला येत नाय म्हणून मी दुसरं आणलं. तू शिकवशील तर शिकेन."

लेकीनं तिच्याकडे बघितलं. "एकदा म्हणा बरं."

ती म्हणाली. रिक्षातली सगळी मेहनत वाया गेली, पहिल्या अक्षरालाच अडखळली. चाचांनी तोंड फिरवलं. बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी चूक काढली नाही. बाईंना चूक दिसली आणि त्यांनी सोडली, असं मी त्याआधी बघितलेलं नव्हतं.

"जीभ टाळूला लावायची नाही," लेक म्हणाली. "परत."

परत म्हणाली. तिसऱ्यांदा बरंच जमलं. लेक म्हणाली, "येईल तुम्हाला." आणि मग चाचांना, "घासा. पुसट राहिलं तरी चालेल."

चाचांकडून भांडी दुपारपर्यंत परत आली. मी मशीन लावलं. मुलाची आई माझ्या शेजारी गोणपाटावर बसली. तिला वाचता येत होतं, लेकीनं नाव कागदावर लिहून दिलं होतं. ती म्हणाली, "मी एक-एक अक्षर सांगते, तुम्ही टाका. मला पाठ होईल." मग ती सांगायची आणि मी टाकायची. पहिल्या डब्याला ती कागद बघून सांगत होती. पाचव्याला कागद बाजूला ठेवला. दहाव्या भांड्याच्या सुमारास माझा हात भरून आला, तेव्हा तिनं पायरीवर बसलेल्या सुनेला हाक मारली, त्या नावानं, मधे न थांबता, "अगं, पाण्याची बाटली दे इकडं, तुझ्या मावशीला विसावा पायजे." लेक उठून बाटली घेऊन आली. मी पाणी प्यायले आणि पुढचं भांडं मांडीवर घेतलं.

सतरावं भांडं कळशी होती. ती झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. बाईंनी एकेक नाव चष्म्याच्या काचेखालून बघितलं. मी वाट बघत होते. माझं काम वाईट असतं तर त्यांनी सांगितलंच असतं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि पायरी उतरताना म्हणाल्या, "येत्या सुट्टीला या. अर्धवट राहिलंय तुमचं."

"काय अर्धवट?"

"शिक्षण," बाई म्हणाल्या.

मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं तेव्हा मला रडू आलं. लग्न मोडलं नाही म्हणून असेल, पण खरं म्हणजे बाईंनी मला परत बोलावलं म्हणून. सातवी शिकलेल्या बाईला समोर बसवून कुणी रोमपलीकडचं काही सांगावं, आणि तिनं त्याचा असा विचका केल्यावरही पुन्हा बसवावं, हे मला कुठल्या पुण्याईनं मिळालं मला ठाऊक नाही. सुट्टीच्या दिवशी मी सकाळचीच बस धरली. बाईंनी दार उघडलं, आत चहाचं आधण ठेवलेलं होतं.